रशियनमधले साधे शब्द आणि त्यांचे अशिष्ट अर्थ: शिकणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

'आम्ही कामाला बाई ठेवली आहे' हे वाक्य मराठी घरात कोणीही निःसंकोचपणे बोलते. त्यातला 'कामाला' हा एकच शब्द गाळला, तर उरलेले वाक्य असे होते की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही अवघडून जातात. 'दुकान चालू आहे' यात काही गैर नाही, पण 'ती चालू आहे' हे कोणत्याही बाईबद्दल बोलू नये, हे मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. ते कानावर पडत पडत कळते. परकी भाषा मोठेपणी शिकणाऱ्याला मात्र हे कान नसतात. त्याच्याजवळ शब्द असतो, त्याचा पाठ्यपुस्तकात दिलेला अर्थ असतो, आणि त्या शब्दाची दुसरी बाजू त्याला कळते ती बहुधा समोरचा हसल्यावर किंवा दुखावल्यावर.

रशियन भाषेत असे दुहेरी शब्द पुष्कळ आहेत, आणि ते अगदी रोजच्या वापरातले आहेत: अंडी, घावन, अंजीर, आकाशी रंग, संपवणे, पाठवणे, देणे. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, पुण्यामुंबईत रशियन शिकणारे, आणि गोव्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पर्यटकांशी रोज बोलणारे व्यावसायिक या सर्वांना हे शब्द पहिल्या महिन्यातच लागतात. या लेखात मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एकच आहे. यातले बहुतेक शब्द स्वतः वाईट नाहीत. ते एकटे सोडले की वाईट होतात. त्यामुळे प्रत्येक शब्दासोबत त्याचा सोबती शब्द शिकायचा.

उच्चारांविषयी आधी थोडे सांगतो. रशियनमध्ये शब्दातल्या एका स्वरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर ढिले होतात. जोर नसलेला 'ओ' हा 'अ'सारखा ऐकू येतो. म्हणून येथे जिथे 'ओ', 'ई' किंवा 'आ' लिहिले आहे तिथे जोर आहे असे समजावे. शब्दाच्या अखेरचा 'आ' मात्र पुष्कळदा जोराशिवायचा असतो. घशातून घासत येणारा रशियन ध्वनी आपल्या 'ह' आणि 'ख' यांच्या मधला आहे; तो मी 'ख'ने दाखवला आहे.

पहिली पायरी: शब्दाची पातळी ओळखणे

रशियन अपशब्दांच्या सर्वांत खालच्या थराला 'मात' म्हणतात. त्याच्या मुळाशी मोजके धातू आहेत, पण उपसर्ग आणि प्रत्यय लावून त्यांतून शेकडो शब्द बनतात. प्रसारमाध्यमांत हे शब्द वापरण्यावर 2013 मध्ये कायद्याने बंदी आली आणि त्याच वर्षी तेथील माध्यम-नियामक संस्थेने नेमके चार शब्द व त्यांपासून बनणारे सर्व शब्द निषिद्ध असल्याचे स्पष्ट केले. चित्रपट, नाटक आणि जाहीर कार्यक्रमांसाठी अशीच बंदी 1 जुलै 2014 पासून लागू झाली. सामान्य माणसाला याहून जवळचा नियम म्हणजे प्रशासकीय गुन्ह्यांच्या संहितेतले कलम 20.1: सार्वजनिक ठिकाणी अश्लील शिवीगाळ करून शांतता भंग केल्यास 500 ते 1000 रूबल दंड किंवा 15 दिवसांपर्यंत अटक होऊ शकते. परदेशी विद्यार्थ्याने हे गांभीर्याने घ्यावे. हे चार शब्द मी येथे लिहिणार नाही. रशियन माणसेही सभ्य बोलण्यात त्यांचा उल्लेख 'ख वरून सुरू होणारा शब्द' किंवा 'तीन अक्षरांचा शब्द' असाच करतात.

त्याच्या वरच्या थरात उद्धट शब्द येतात. ते कायद्याने निषिद्ध नाहीत, पण शिक्षक, वडीलधारे, लहान मुले यांच्यासमोर ते चालत नाहीत. सर्वांत वर सौम्य उद्गार असतात. आपल्याकडे 'च्यायला' हा उद्गार मुळात आईवरच्या शिवीपासून निघाला. मित्रांत तो सहज बोलला जातो, पण आजोबांसमोर जीभ चावावी लागते. रशियन सौम्य उद्गारांची जागा हीच आहे. पुढचा प्रत्येक शब्द या तीनपैकी कोणत्या थरात बसतो, ते मनाशी ठरवत जावे.

दुसरी पायरी: वेष घेतलेले शब्द

शिवी तोंडातून निघता निघता तिच्या पहिल्याच ध्वनीवर माणूस सावरतो आणि त्याच ध्वनीने सुरू होणारा एखादा निरुपद्रवी शब्द बोलून मोकळा होतो. ही सवय शतकानुशतके चालली की तो निरुपद्रवी शब्दच अर्धा शिवी होऊन बसतो. रशियनमधला 'ब्लीन' असाच बनला. ब्लीन म्हणजे आपल्या घावनासारखा पातळ, तव्यावरचा पदार्थ. वसंताच्या स्वागताच्या 'मास्लेनित्सा' सप्ताहात तो घरोघरी होतो. पण वैतागलेला माणूस 'ब्लीन!' म्हणतो तेव्हा तो त्याच ध्वनीने सुरू होणारी, चारांपैकी एक शिवी टाळत असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: खाण्याची गोष्ट बहुधा अनेकवचनात, 'ब्लिनी' अशी येते, तर उद्गार नेहमी एकवचनात आणि वाक्यापासून सुटा असतो. 'पहिला ब्लीन गोळाच होतो' ही रशियन म्हण, म्हणजे पहिला प्रयत्न फसतोच, पूर्णपणे सभ्य आहे. 'ब्लीन' हा उद्गार मित्रांत चालतो. परीक्षकासमोर किंवा रुग्णासमोर तो काढू नये.

'ख्रेन' या शब्दाची गोष्ट अधिक रंजक आहे. ख्रेन हे मुळ्यासारखे, नाकात झिणझिण्या आणणारे एक मूळ आहे. ते किसून 'खलद्येत्स' या मांसाच्या थिजवलेल्या रश्श्यासोबत खातात, आणि त्याच्या बरण्या प्रत्येक किराणा दुकानात असतात. हाच शब्द तीन अक्षरांच्या शिवीचा वेषही झाला आहे. 'ख्रेन झ्नायेत' याचा शब्दशः अर्थ 'मुळाला ठाऊक', पण अभिप्रेत अर्थ 'कोणाला काय माहीत' असा आणि तोही उद्धट. 'ख्रिनोवा' म्हणजे 'वाईट चालले आहे'. म्हाताऱ्या माणसाला 'जुना ख्रेन' म्हणणे हा सरळ अपमान आहे. येथे शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे: 'स ख्रेनम' म्हणजे 'ख्रेनसोबत', आणि पानातल्या पदार्थाबद्दल ते निर्धास्त बोलावे, पण तेच शब्द उलटून 'ख्रेन स नीम' म्हटले की 'जाऊ दे मसणात' असा अर्थ होतो. टोमॅटो, लसूण आणि ख्रेन यांच्या तिखट चटणीला 'ख्रिनोविना' म्हणतात, आणि हाच शब्द 'फालतू गोष्ट' या अर्थानेही चालतो. ताटात चटणी असेल तर शब्द चटणीचा. ताट नसेल तर शब्द टाळावा.

याच शिवीचा आणखी एक वेष म्हणजे 'ख्येर'. जुन्या रशियन वर्णमालेत अक्षरांना नावे होती आणि फुलीसारख्या दिसणाऱ्या अक्षराचे नाव 'ख्येर' होते. कागदावर फुली मारून मजकूर रद्द करणे याला 'पख्येरित' हे क्रियापद तेव्हा साधेपणाने वापरले जाई. ते अक्षर शिवीचे पहिले अक्षर असल्यामुळे त्याचे नाव शिवीच्या जागी बसले, आणि आज मूळ अर्थ बहुतेकांच्या स्मरणात नाही. 'ख्रेन'पेक्षा 'ख्येर' जड आहे. तो उद्धट शब्दांच्या थरात मोडतो. जुन्या लेखनात तो दिसला तर गोंधळू नये, पण स्वतः कधीही वापरू नये.

'फीग' हा शब्द मात्र मराठी माणसाला एक सोपी सुटका देतो. अंगठा दोन बोटांच्या मधून बाहेर काढून दाखवण्याच्या मुद्रेला रशियनमध्ये 'फीगा' म्हणतात; ती 'काही मिळणार नाही' असे सांगणारी उर्मट खूण आहे. 'फीग' त्याच कुळातला. 'ना फीग' म्हणजे 'कशाला हवे ते', 'नी फिगा' म्हणजे 'काहीही नाही', आणि 'फीगविय' म्हणजे 'टाकाऊ'. बाजारात अंजीर मागताना 'फीगा' हा शब्द न वापरता 'इन्झीर' म्हणावे. रशियन 'इन्झीर' आणि मराठी 'अंजीर' हे दोन्ही फारसीतूनच आलेले आहेत, त्यामुळे आपल्याला शब्द नव्याने पाठ करण्याचीही गरज नाही.

तिसरी पायरी: क्रियापद कधीही एकटे सोडू नये

सर्वाधिक चुका येथे होतात. मी स्वतः शिकत असताना स्वाध्याय पूर्ण करून वर्गात 'या कोन्चिल' असे मोठ्याने सांगितले होते. शब्दकोशात 'कोन्चित' म्हणजे 'संपवणे' असेच दिले होते. वर्ग शांत झाला, आणि शिक्षिकेने न रागावता 'झकोन्चिल' असे दुरुस्त केले. कारण मला पुष्कळ दिवसांनी कळले: कर्म नसलेले 'कोन्चिल' हे संभोगातल्या अखेरच्या क्षणासाठी रूढ आहे. काम संपवले तर 'झकोन्चिल', शिक्षणसंस्थेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो तर 'अकोन्चिल' म्हणावे. बायकांनी यांच्या अखेरीस 'आ' जोडावा. उपसर्ग लावण्याची सवय लागली की ही अडचण कायमची संपते.

'पस्लात' म्हणजे पाठवणे. पत्र पाठवले, पार्सल पाठवले, औषधाच्या दुकानात पाठवले, असे सर्व ठीक आहे. पण 'अधिष्ठात्यांनी मला पाठवले' एवढेच वाक्य 'पस्लाल' वापरून बोलले, तर ऐकणाऱ्याला 'त्यांनी मला शिवी देऊन हाकलले' असे ऐकू येते. कारण रशियनमध्ये माणसाला 'तीन अक्षरांवर पाठवणे' असा वाक्प्रचार आहे आणि ठिकाण सांगितले नाही तर ऐकणारा तेच ठिकाण धरतो. कार्यालयात दुसऱ्या खिडकीवर जाऊन 'मला इकडे पाठवले आहे' असे सांगायचे असेल तर 'अत्प्रावित' हे क्रियापद वापरावे. त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

'दात' म्हणजे देणे. दुकानात 'दाय्त्ये, पझालुस्ता' म्हणून लगेच वस्तूचे नाव घेतले की ते आदर्श सभ्य वाक्य होते. पण 'तिने त्याला दिले' हे वस्तू न सांगता बोलू नये; त्यातून शरीरसंबंध सुचवला जातो. आपल्याकडेही 'देणे-घेणे' या क्रियापदांना टवाळ पोरांच्या तोंडी हाच वास येतो, त्यामुळे हे समजावून सांगावे लागत नाही.

'झबीत' म्हणजे ठोकणे किंवा मारणे. खिळा ठोकला, गोल मारला, हे रोजचे. फुटबॉलच्या गप्पांत तर हा शब्द दर वाक्यात येतो. पण 'व्याख्यानावर झबील' म्हटले तर 'व्याख्यानाला हिंग लावून विचारले नाही' असा अर्थ होतो, आणि त्याच्या मुळाशी तीच तीन अक्षरे आहेत, जी आता बोलताना गाळली जातात. गोल किंवा खिळा सोबत असेल तर शब्द सुरक्षित. 'ना' हे अव्यय जोडून आला तर उद्धट.

'इम्येत' म्हणजे 'असणे, बाळगणे'. इंग्रजीमधून रशियन शिकणारा माणूस 'माझ्याकडे भाऊ आहे', 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे सांगताना या क्रियापदाकडे वळतो. वस्तूंच्या बाबतीत ते केवळ परके वाटते; पण माणूस कर्म झाला की 'त्याने तिला उपभोगले' असा अर्थ निघतो. खरे रशियन वाक्य 'उ मिन्या येस्त' असे आहे. त्याची घडण मराठी 'माझ्याकडे आहे' सारखीच आहे. रशियन वाक्य जुळवताना मराठीतून विचार करावा, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. येथे आपली भाषा आपल्याला वाचवते. एक अपवाद लक्षात ठेवावा: 'इम्येत व विदू' म्हणजे 'मनात अभिप्रेत असणे', आणि ते पूर्ण सभ्य आहे.

चौथी पायरी: दुकान, कार्यालय आणि रंग

'यायत्सा' म्हणजे अंडी आणि बोलीत वृषणे. विक्रेत्या पुरुषाला 'तुमच्याकडे यायत्सा आहेत का' असे विचारण्यावर रशियात इतके विनोद आहेत की तो प्रश्न सरळ विचारणेच अवघड झाले आहे. तेथे अंडी डझनावर विकली जात नाहीत, दहाच्या खोक्यात विकली जातात, आणि या दहाच्या मापाला 'दिस्यातक' म्हणतात. म्हणून 'दिस्यातक यिईत्स, पझालुस्ता' असे मागावे. संख्या आली की शब्दाचा दुसरा अर्थ गळून पडतो. दुकानातल्या पाटीवर 'कोंबडीचे अंडे' असे एकवचनात लिहिलेले असते. तेही पाहून मागता येते. छोट्या अंड्यासाठी 'यीच्का' हे लाडके रूप मुलांच्या गोष्टींत गोड वाटते, पण वैद्यकीय विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे की शरीरशास्त्राच्या पुस्तकात तीच संज्ञा वृषणासाठी आहे.

'च्लेन' म्हणजे सदस्य आणि अवयव. 'च्लेन सिम्यी' म्हणजे कुटुंबातला सदस्य, 'च्लेन पार्तिइ' म्हणजे पक्षाचा सदस्य. रशियाच्या विज्ञान अकादमीत 'च्लेन-कररेस्पन्द्येन्त' हे मानाचे पद आहे. कुटुंब, पक्ष किंवा अकादमी सोबत असेपर्यंत शब्द प्रतिष्ठित राहतो. 'येथे किती च्लेन आहेत' असे मात्र विचारू नये. सभेला उद्देशून बोलताना 'उचास्त्निक', म्हणजे सहभागी, हा शब्द वापरावा. 'पलवोय' हे विशेषणही असेच आहे: 'पोल' म्हणजे जमीन आणि 'पोल' म्हणजे लिंग, हे दोन वेगळे शब्द उच्चाराने एक झाल्यामुळे 'पलवाया त्र्याप्का' म्हणजे फरशी पुसण्याचे फडके, तर वैद्यकीय पुस्तकात तेच विशेषण लैंगिक या अर्थाने येते. फडके म्हटल्याशिवाय विशेषण उच्चारू नये, एवढे पुरे.

रंगांच्या बाबतीत अडचण निळ्याची आहे. रशियनमध्ये गडद निळा 'सीनिय' आणि आकाशी 'गलुबोय' हे आपल्याला एकाच निळ्याच्या छटा वाटले तरी तेथे दोन स्वतंत्र रंग आहेत. आकाश, डोळे, सदरा यांना 'गलुबोय' म्हणण्यात काहीच गैर नाही. पण माणसाला 'तो गलुबोय आहे' असे म्हटले, तर 'तो समलिंगी आहे' असा अर्थ होतो आणि बहुधा हिणवण्याच्या सुरात. माणसाच्या कपड्यांविषयी बोलताना 'गलुबोवा त्स्वेता', म्हणजे 'आकाशी रंगाचा', असे पूर्ण म्हणावे आणि कपड्याचे नावही घ्यावे. कोणाच्या वैयक्तिक आयुष्याविषयी बोलण्यासाठी हा शब्द मुळीच हाताशी धरू नये. तो समोरच्याला दुखावतो. 'सीनिय' माणसाला लावला तर बोलीत 'दारू प्यालेला' असा अर्थ होतो.

पाचवी पायरी: प्राण्यांची नावे आणि तुरुंगाची सावली

गाढव, बैल, डुक्कर हे शब्द आपल्याकडेही माणसाला लावले की अपमान होतो, त्यामुळे मेंढा म्हणजे मूर्ख किंवा गाय म्हणजे जाडी बाई हे रशियन अर्थ अनपेक्षित वाटत नाहीत. धोका वेगळ्याच दोन प्राण्यांत आहे. 'कझ्योल' म्हणजे बोकड आणि 'पितूख' म्हणजे कोंबडा. विसाव्या शतकात रशियात लाखो माणसे छावण्या आणि तुरुंगांतून गेली आणि तेथली बोली त्यांच्यासोबत गावागावांत पसरली. त्या बोलीत बोकड म्हणजे तुरुंग प्रशासनाला सामील झालेला कैदी, आणि कोंबडा म्हणजे कैद्यांच्या उतरंडीत सर्वांत खाली ढकललेला, ज्याच्यावर अत्याचार होतात असा माणूस. थट्टेनेसुद्धा एखाद्या पुरुषाला 'पितूख' म्हणू नये. हाणामारी होण्याइतका तो गंभीर अपमान आहे. चिनी पंचांगानुसार 2017 हे कोंबड्याचे वर्ष होते आणि रशियात ते नाव उघडपणे छापले जात होते. शेतावरच्या कोंबड्यालाही तोच शब्द आहे. वर्षाला आणि पक्ष्याला चालतो, माणसाला नाही.

याच बोलीतून आलेला, आणि परदेशी माणसाच्या सहसा लक्षात न येणारा, शब्द म्हणजे 'अबीझिन्निय', दुखावलेला. व्यवहारात तो साधाच आहे, पण तुरुंगाच्या बोलीत तो त्याच सर्वांत खालच्या थराचे नाव आहे. अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात 'तुम्ही अबीझिन्निय आहात का' असे विचारण्यापेक्षा 'रस्त्रोयिन', म्हणजे खट्टू, हा शब्द वापरावा.

कुत्रीला 'सूका' म्हणतात, आणि हाच शब्द रस्त्यावर सर्वाधिक ऐकू येणाऱ्या शिव्यांपैकी एक आहे. पशुवैद्य आणि कुत्री पाळण्याचा व्यवसाय करणारे तो कागदपत्रांत बिनदिक्कत लिहितात. नराला ते 'कब्येल' म्हणतात, आणि तो शब्द माणसाला लावला तर बाईलवेडा. बागेत भेटलेल्या माणसाच्या कुत्र्याविषयी विचारताना रशियन माणसे 'माल्चिक की द्येवच्का', म्हणजे मुलगा की मुलगी, असे विचारतात. आपणही तसेच विचारावे.

सहावी पायरी: हाक मारताना

'झेन्शिना' म्हणजे स्त्री, आणि वाक्यात हा आदरयुक्त शब्द आहे. पण दुकानात किंवा बसमध्ये 'झेन्शिना!' अशी हाक मारली तर ती बहुतेकींना झोंबते, कारण त्यात वयाचा टोमणा ऐकू येतो. 'बाबा' हा शब्द तर त्याहून खालचा: रशियनमध्ये तो 'बाई' या अर्थाचा गावंढळ, तुच्छतेचा शब्द आहे, आणि 'त्योल्का', म्हणजे कालवड, हा तरुणीला वस्तू समजणारा. अनोळखी स्त्रीला 'द्येवुश्का' आणि पुरुषाला 'मलदोय चिलव्येक' अशी हाक मारावी. शब्दशः 'तरुणी' आणि 'तरुण' असा अर्थ असला तरी मध्यम वयाच्या माणसांनाही ती चालते.

सातवी पायरी: जोर कुठे पडतो

मराठीत जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपले कान या बाबतीत आळशी असतात. रशियनमध्ये 'पिसात', दुसऱ्या अक्षरावर जोर, म्हणजे लिहिणे. 'पीसत', पहिल्या अक्षरावर जोर, म्हणजे लघवी करणे, आणि तेही लहान मुलाच्या भाषेत. वर्तमानकाळात गोंधळ होत नाही, कारण रूपेच वेगळी आहेत: 'पिशू' म्हणजे मी लिहितो, 'पीसयू' म्हणजे मी लघवी करतो. भूतकाळात मात्र 'पिसाल' आणि 'पीसल' यांत जोराखेरीज काहीही फरक नाही. ही जोडी दररोज मोठ्याने दहा वेळा म्हणून पक्की करावी. ती वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्णाची माहिती घेताना दोन्ही अर्थांनी लागणार आहे. अशीच दुसरी जोडी 'ओर्गन', शरीराचा अवयव, आणि 'अर्गान', चर्चमध्ये वाजणारे मोठे वाद्य. आपण कोणते वाजवतो ते सांगताना जोर दुसऱ्या अक्षरावर असावा.

आठवी पायरी: आपले मराठी शब्द रशियन कानाला कसे लागतात

हा भाग कोणत्याही रशियन पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, म्हणून मी त्यावर थोडा थांबतो. रशियन गाडीच्या डब्यात, वसतिगृहात किंवा गोव्यातल्या हॉटेलात आपण आपापसांत मराठी बोलत असतो आणि शेजारी रशियन माणसे ऐकत असतात. रात्री कोणी 'आता झोपा' म्हटले, तर त्यांच्या कानाला पार्श्वभागाचा उद्धट शब्द जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येतो. 'काल' हा शब्द त्यांच्याकडे विष्ठेसाठीची वैद्यकीय संज्ञा आहे. तपासणीच्या कागदावर तो रोज छापलेला असतो. 'हेर' हा 'ख्येर'ला अगदी जवळचा. 'दूर' हा 'मूर्ख बायका' या शब्दाच्या एका रूपासारखा. यासाठी मराठी बोलणे सोडू नये; पण शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू किंवा नाराजी दिसली तर कारण काय असू शकते हे ठाऊक असावे, आणि हा आपल्या भाषेतला शब्द आहे असे दोन शब्दांत सांगावे.

किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा शब्द 'सुका' आहे. सुका जवळा, सुके बोंबील, सुकी भाजी, चिकन सुक्का ही आपल्या जेवणातली मानाची नावे. पण रशियन लिपीत त्यांचे फक्त लिप्यंतर केले तर खाद्यपदार्थांच्या यादीत शिवी छापली जाते, आणि 'सुकी' हे तर त्या शिवीचे अनेकवचनच होते. यावरचा उपाय आपल्याच शब्दाच्या नात्यात आहे. मराठी 'सुका' संस्कृत 'शुष्क'पासून आला, आणि रशियन 'सुखोय' म्हणजे कोरडा हा त्याचाच दूरचा भाऊ आहे. नाशिकजवळ ओझरला ज्या लढाऊ विमानांची बांधणी झाली, ती सुखोई विमाने पावेल सुखोय या रचनाकाराच्या आडनावाने ओळखली जातात, आणि त्या आडनावाचा अर्थही तोच. म्हणून यादीत 'सुखोये कारी', म्हणजे कोरडी करी, असे भाषांतर लिहावे आणि त्यापुढे कोंबडी किंवा मासळीचा उल्लेख करावा. पाहुण्याला पदार्थही कळतो आणि आपल्या मेहनतीचा मानही राहतो.

आडनावांचा प्रश्न कागदपत्रांच्या वेळी उभा राहतो. विद्यापीठात प्रवेश घेताना पारपत्राचे रशियन भाषांतर नोटरीकडून करून घ्यावे लागते, आणि त्यात नाव रशियन लिपीत कसे उतरले आहे ते सही करण्याआधी स्वतः वाचावे. 'खेर' या आडनावासाठी रशियनमध्ये 'क' आणि 'ख' ही दोन्ही अक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. एकच 'ख' लिहिला तर वर सांगितलेला शब्द तयार होतो. जर्मन भाषेतल्या पुरुषवाचक 'हेर' या संबोधनासाठी रशियन लेखनात आरंभी 'ग' वापरतात, त्यामुळे ते 'ग्येर' असे होते. 'पिसाळ' हे आडनाव रशियन लिपीत 'लिहिले' या क्रियापदासारखे दिसते. स्वतःची ओळख करून देताना दुसऱ्या अक्षरावर ठसठशीत जोर द्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला चांगलाच अर्थ ऐकू येईल. एकदा चुकीचे नोंदले गेलेले नाव ओळखपत्र, गुणपत्रिका आणि पदवीपर्यंत पाठ सोडत नाही, म्हणून ही दहा मिनिटे वाचवू नयेत.

नववी पायरी: वही, कोश आणि चूक झाल्यावर

वहीत सुटा शब्द लिहू नये, सोबत्यासह लिहावा. 'अंडी' ऐवजी 'दहा अंडी', 'पाठवणे' ऐवजी 'पत्र पाठवणे', 'सदस्य' ऐवजी 'कुटुंबाचा सदस्य'. कोशात शब्दापुढे छोटी चिन्हे असतात: 'रझ्ग.' म्हणजे बोलीतला, 'प्रस्त.' म्हणजे अशिक्षित बोलण्यातला, 'ग्रूब.' म्हणजे उद्धट, 'ब्रान.' म्हणजे शिवी, 'झार्ग.' म्हणजे विशिष्ट गटाच्या बोलीतला. अर्थ वाचण्याआधी ही चिन्हे वाचावीत. तरीही कोशावर पूर्ण विसंबू नये. व्लादिमीर दाल यांच्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या 1903 ते 1909 या काळात निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत भाषाशास्त्रज्ञ बोदुएन द कुर्तने यांनी निषिद्ध शब्दही समाविष्ट केले होते. पण सोव्हिएत काळातली पुनर्मुद्रणे त्याआधीच्या आवृत्तीवरून झाली, आणि अनेक पिढ्यांच्या कपाटात तीच राहिली. एखादा शब्द खऱ्या वाक्यांत कसा वावरतो ते पाहायचे असेल तर 2004 पासून संगणकावर खुला असलेला रशियन भाषेचा राष्ट्रीय वाक्संग्रह उत्तम आहे. ओळखीच्या रशियन माणसाला 'एता ग्रूबा?', म्हणजे 'हे उद्धट आहे का?', असे विचारण्यातही संकोच करू नये. असे विचारणाऱ्याला ते मनापासून समजावून सांगतात.

चूक झालीच, तर हसून टाळू नये आणि कारणेही देत बसू नये. शांतपणे 'इझ्विनीत्ये, या न्येप्राविल्ना वीरझिल्स्या' असे म्हणावे. स्त्रियांनी अखेरचा शब्द 'वीरझिलस' असा म्हणावा. 'क्षमा करा, माझी शब्दयोजना चुकली' असा त्याचा अर्थ आहे. यातले 'न्येप्राविल्ना', म्हणजे चुकीच्या पद्धतीने, हे क्रियाविशेषण गाळू नये. कारण हे क्रियापदही दुहेरीच आहे: त्याचा अर्थ 'मत व्यक्त करणे' असला तरी एकटे आल्यावर तेच 'शिव्या देणे' या अर्थाने चालते, आणि वर्गात किंवा बसमध्ये कोणी 'नी विरझाय्त्येस' असे दटावले तर ते 'घाणेरडे बोलू नका' असे सांगत असते.